मार्क ट्वेन : सज्जनांच्या गावातली गुलामगिरी

1896 सालच्या जानेवारीत मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलात साठ वर्षांचा एक अमेरिकन पाहुणा पत्नी आणि मुलीसह उतरला. पिंजारलेले केस, जाड मिशा, जगभर गाजलेले नाव आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. कर्ज फेडण्यासाठीच तो व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. खोली लावून द्यायला एक धिप्पाड जर्मन आणि त्याच्यासोबत काही देशी नोकर आले. गॅलरीकडच्या दाराचे काम करण्यासाठी एक नोकर गुडघ्यावर बसला. त्याचे काम ठीकच चालले होते. पण जर्मनाला ते पसंत पडले नाही. काय चुकले हे सांगण्याआधीच त्याने नोकराच्या जबड्यावर ठोसा लगावला आणि चूक मागाहून सांगितली. नोकराने तो मुकाट्याने सोसला. चेहऱ्यावर रागाची एक रेषही उमटली नाही.

पाहुणा मात्र आतून हादरला. असा मार त्याने पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. मुंबईच्या त्या खोलीतून तो एका क्षणात आपल्या बालपणीच्या गावात जाऊन पोहोचला. तिथे गुलामाला समजावून सांगण्याची हीच रीत होती. त्याचे स्वतःचे वडील शांत, न्यायी, गावात मान असलेले गृहस्थ. पोटच्या मुलावर त्यांनी आयुष्यात दोनदाच हात उगारला. पण घरात राबणाऱ्या लुईस या गुलाम मुलाला ते किरकोळ चुकीसाठीही मारत. त्याला आणखी एक प्रसंग आठवला. वयाच्या दहाव्या वर्षी एका गोऱ्याने रागाच्या भरात लोखंडी दगड फेकून गुलामाचे डोके फोडल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तासाभरात तो गुलाम मेला. गावाला ते आवडले नाही, पण गाव फारसे काही बोललेही नाही.

हा पाहुणा म्हणजे मार्क ट्वेन. त्याने ही हकीकत पुढच्याच वर्षी आपल्या प्रवासग्रंथात लिहिली. मुंबईवर लिहिणारे मार्क ट्वेनच्या कावळ्यांच्या गमती सांगतात, हा ठोसा सांगत नाहीत. आपण मात्र त्या ठोशापासूनच सुरुवात केली पाहिजे. कारण त्याची जी कादंबरी जगभर वाचली जाते, तिचे मूळ वडिलांच्या त्या हातात आहे.

त्याचे खरे नाव सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म 30 नोव्हेंबर 1835, मिसुरी राज्यातील फ्लोरिडा नावाच्या खेड्यात. मिसुरी हे गुलामी मान्य असलेले राज्य. पोर चार वर्षांचे असताना कुटुंब मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी आले. वडील न्यायाधीशाचे काम पाहत. 1841 मध्ये गुलामांना पळून जायला मदत केल्याच्या आरोपावरून तिघांवर खटला चालला. त्या खटल्याच्या ज्युरीत सॅमचे वडील बसले होते. तिघांनाही बारा वर्षांची शिक्षा झाली आणि गावाने न्याय झाला म्हणून समाधान मानले. आई दयाळू होती, मांजरीची पिले बुडवावी लागली तरी ती आधी पाणी कोमट करून घेई. पण गुलामी पाप आहे असे तिच्या तोंडून मुलाने कधी ऐकले नाही. चर्चमधला धर्मोपदेशक सांगे की ही देवाचीच योजना आहे आणि शंका असेल त्याने बायबल उघडून पाहावे. शाळेत, घरात, वर्तमानपत्रात, प्रार्थनेत कुठेच विरोधी सूर नाही. अशा गावात वाढलेल्या मुलाची सदसद्विवेकबुद्धी कशी घडणार?

नेमका हाच प्रश्न त्याने पुढे कादंबरीचा विषय केला.

काकांच्या शेतावर पंधरा-वीस गुलाम होते. त्यातला अंकल डॅनियल हा मधल्या वयाचा गुलाम रात्री पोरांना गोष्टी सांगे. सॅम उन्हाळ्यात तिथे जाई आणि त्याच्याजवळ तासन्‌तास बसे. अकराव्या वर्षी वडील गेले आणि शिक्षण सुटले. मुलगा छापखान्यात खिळे जुळवायला लागला. पुढे आगबोटीचा पायलट झाला. 1859 मध्ये त्याला परवाना मिळाला. नदीची खोली मोजणारा खलाशी दोन पुरुष, म्हणजे बारा फूट पाणी आहे अशी हाळी देई. त्या हाळीवरूनच त्याने 1863 मध्ये मार्क ट्वेन हे टोपणनाव घेतले. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा हा गृहस्थ आधी गुलामी टिकवू पाहणाऱ्या बाजूच्या एका गावठी तुकडीत सामील झाला. दोनेक आठवड्यांत कंटाळून पळाला आणि पश्चिमेकडे निघून गेला. चळवळीच्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे. तो जन्मतः मुक्तिदाता नव्हता. गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून काळ्यांची टिंगल करायची, असे तमाशे त्याकाळी अमेरिकेत चालत आणि त्याला ते अखेरपर्यंत आवडत. अमेरिकेच्या मूळ आदिवासींबद्दल तरुणपणी त्याने जे लिहिले ते तर आज वाचवत नाही.

बदल झाला तो माणसांमुळे. 1870 मध्ये त्याचा विवाह ऑलिव्हिया लँगडन हिच्याशी झाला. सासरे कोळशाचे धनाढ्य व्यापारी, पण गुलामीचे कट्टर विरोधक. पळून आलेल्या गुलामांना ते मदत करीत. स्वतः गुलामीतून निसटलेले आणि 1845 मध्ये आपले आत्मचरित्र लिहून जगाला हलवणारे फ्रेडरिक डग्लस या घराचे स्नेही होते. त्याच गोतावळ्यात, एल्मायरा येथील मेहुणीच्या शेतावर मेरी अ‍ॅन कॉर्ड ही एकेकाळची गुलाम स्त्री स्वयंपाकीण होती. सदा हसतमुख. एका संध्याकाळी ट्वेनने तिला सहज विचारले की तुझ्या आयुष्यात कधी दुःख आलेच नाही का? तेव्हा तिने सांगितले. लिलावात नवरा विकला गेला, सात मुले एकामागून एक विकली गेली. धाकटा हेन्री तेरा वर्षांनी युद्धाच्या धामधुमीत सैनिकाच्या वेषात समोर आला, तेव्हा तिने कपाळावरच्या आणि मनगटावरच्या खुणांवरून त्याला ओळखले. ट्वेनने ती कहाणी तिच्याच बोलीत, तिच्याच तोंडून 1874 मध्ये प्रसिद्ध केली. हसऱ्या तोंडामागे काय असते हे त्या सज्जनाला अडतिसाव्या वर्षी कळले.

दोन वर्षांनी, 1876 मध्ये, त्याच शेतावर त्याने ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’ लिहायला घेतली. मध्ये बाजूला टाकली, पुन्हा हाती घेतली. 1884 च्या डिसेंबरात ती इंग्लंडमध्ये आणि 1885 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत निघाली.

हक हा दारुड्याचा तेराचौदा वर्षांचा पोर. गावाने ओवाळून टाकलेला. जिम हा मिस वॉटसन या धर्मपरायण बाईचा गुलाम. बाई रोज प्रार्थना करते, हकला स्वर्ग-नरकाचे धडे देते आणि आठशे डॉलरच्या मोहाने जिमला दक्षिणेत विकण्याचा विचारही करते. ते कानावर पडताच जिम पळतो. हकही बापाच्या मारहाणीतून निसटलेला असतो. दोघे एका तराफ्यावरून मिसिसिपीतून जाऊ लागतात. एवढी गोष्ट. पण या गोष्टीत ट्वेनने जो उपरोध पेरला आहे तो पाहण्यासारखा आहे.

हकचा बाप पाहा. अंगठाछाप, चिखलात लोळणारा, दारूसाठी पोराचे पैसे हिसकावणारा. ओहायो राज्यातून आलेला एक काळा प्राध्यापक त्याला दिसतो. शुभ्र कपडे, अनेक भाषांचा जाणकार, शिवाय मतदानाचा हक्कही असलेला. बापाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. असे असेल तर आपण यापुढे मतच देणार नाही आणि या माणसाला लिलावात का विकत नाहीत, म्हणून तो सरकारच्या नावाने बोटे मोडतो. मंडल आयोगाच्या विरोधात 1990 मध्ये आणि पुन्हा 2006 मध्ये रस्त्यावर झाडू मारून, बूटपॉलिश करून निषेध करणारी शिकलेली पोरे ज्यांनी पाहिली त्यांना हा बाप ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की हकचा बाप निदान डॉक्टर होणार नव्हता.

आणखी एक प्रसंग. आगबोटीवर स्फोट झाला अशी थाप हक एका प्रेमळ मावशीला मारतो. कोणाला इजा झाली का, ती काळजीने विचारते. नाही, एक काळा मेला एवढेच, असे तो सांगतो. बाई म्हणते बरे झाले, कधी कधी माणसांनाही इजा होते. लेखक यावर एक शब्दही भाष्य करत नाही. बाई दुष्ट नाही. ती पाहुण्याला पोटभर जेवू घालणारी आहे. मेलेला मात्र तिच्या हिशेबात माणूस नाही. आपल्याकडे गटारात गुदमरून सफाई कामगार मरतो, तेव्हा बातमी किती ओळींची असते ते आपण जाणतोच.

मी हे धावड्यात बसून लिहितो आहे. जालना जिल्ह्यातील, भोकरदन तालुक्यातील या गावापासून मुंबई लांब आणि मिसिसिपी तर नकाशातच पाहायची. तरीही मिस वॉटसन मराठवाड्याला नवीन नाही. नेमाने पंढरीची वारी करणारा, गळ्यात माळ घालणारा, मुंगीलाही साखर टाकणारा हॉटेलवाला आमच्या पिढ्यांनी पाहिला आहे. त्याच्याच हॉटेलात आमची कपबशी वेगळी असे आणि ती आम्हीच विसळून ठेवायची असे. त्याला तो अन्याय वाटत नव्हता, शिष्टाचार वाटत होता. 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातील गावांत वस्त्या पेटल्या तेव्हाही पेटवणारे सगळे काही गुंड नव्हते. अनेक जण गावात सज्जन म्हणूनच ओळखले जात. ट्वेनची कादंबरी या सज्जनतेबद्दल आहे.

तिचा कळस म्हणजे हकचे पत्र. जिम पकडला गेल्यावर हकची सदसद्विवेकबुद्धी त्याला टोचू लागते. कशासाठी? गुलामी वाईट आहे म्हणून नव्हे, तर एका धार्मिक बाईची मालमत्ता पळवायला आपण मदत केली म्हणून! त्याला शिकवलेल्या नीतीनुसार ही चोरी आहे आणि चोराला नरक ठरलेला. तो घाबरून मिस वॉटसनला पत्ता कळवणारे पत्र लिहितो. लिहिताच मन पापमुक्त झाल्यासारखे हलके होते. मग त्याला तराफ्यावरचे दिवस आठवतात. आपली झोप मोडू नये म्हणून स्वतः जागून दुप्पट पहारा करणारा जिम आठवतो. तो पत्र हातात धरून थरथरतो आणि शेवटी नरकात जाण्याची तयारी ठेवून ते फाडून टाकतो. आपण चांगले काम केले असे त्याला तेव्हाही वाटत नाही. आपण वाया गेलो असेच वाटते. वाचकाला हसू येते आणि त्याच वेळी अंगावर काटा येतो. निकोप हृदय आणि बिघडवलेली सदसद्विवेकबुद्धी यांची ही टक्कर आहे, असे ट्वेनने स्वतःच आपल्या टिपणांत नोंदवले आहे.

बाबासाहेबांनी 1936 च्या जातिनिर्मूलनाच्या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांतला भेद सांगितला, तो इथे आठवल्याशिवाय राहत नाही. नियम पाळणारा जबाबदारीतून मोकळा होतो, कारण विचार दुसऱ्याने केलेला असतो. तत्त्वावर चालणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. जो धर्म केवळ नियमांची जंत्री आहे तो माणसाला नीतिमान करूच शकत नाही. हकजवळ तत्त्वाचे शब्द नाहीत, पण नियम मोडण्याची किंमत मोजायला तो तयार आहे. ट्वेनला हे पोर कोठे भेटले? हॅनिबलमध्येच. ब्लँकनशिप नावाचे एक दरिद्री, बेवड्याचे घर होते. त्या घरातील मोठ्या मुलाला 1847 मध्ये नदीतल्या बेटावर एक पळालेला गुलाम सापडला. पकडून देणाऱ्याला पन्नास डॉलरचे इनाम होते. या फाटक्या पोराने इनाम घेतले नाही. अनेक आठवडे तो त्या गुलामाला चोरून खायला नेऊन देत राहिला. गावच्या एकाही प्रतिष्ठिताने जे केले नाही ते गावाने टाकलेल्या घरातील पोराने केले. त्याचाच धाकटा भाऊ टॉम हा हकचा नमुना.

कादंबरी निघताच कॉन्कॉर्ड गावच्या ग्रंथालयाने 1885 च्या मार्चमध्ये तिला दाराबाहेर काढले. गुलामीच्या चित्रणाबद्दल नव्हे, भाषा गावंढळ आणि मुलगा असभ्य म्हणून! ‘गोलपिठा’ आणि ‘बलुतं’ यांच्या वेळी मराठीतल्या सोवळ्या रसिकांना काय खुपले होते ते आठवा. जगणे खुपत नाही, त्या जगण्याची भाषा खुपते.

याच्याही बारा वर्षे आधी, 1873 च्या जूनमध्ये, पुण्यात महात्मा जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली होती आणि ती अमेरिकेतील गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. तीही उपरोधाने भरलेली. धोंडिबा विचारतो, जोतिराव सांगतात आणि एकेक अवतार सोलून निघतो. ट्वेनला जोतिराव माहीत असल्याचे काही दिसत नाही. तो मुंबईत आला तेव्हा जोतिरावांना जाऊन पाच वर्षे होऊन गेली होती. दोघांत मोठा फरकही आहे. जोतिराव ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने, उघड बोलतात. ट्वेन मालकांच्या घरात वाढलेला. तो घरातल्यांच्या तोंडूनच घराचे बिंग फोडतो.

आणि इथेच त्याची मर्यादाही आहे. शेवटच्या भागात टॉम सॉयर येतो. मिस वॉटसन मेली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केले, हे त्याला ठाऊक असते. तरीही साहसाची हौस म्हणून तो जिमला कोठडीत कुजवतो, त्याच्याभोवती उंदीर आणि साप सोडतो, सुटकेचे नाटक रचतो. काही समीक्षक म्हणतात की हा 1865 नंतरच्या अमेरिकेवरचा टोमणा आहे. कायद्याने माणूस मुक्त झाला, पण गोऱ्यांच्या खेळातून सुटला नाही. असेलही. 1950 नंतरच्या आपल्या गावगाड्याकडे पाहता हा अर्थ मला पटतोही. पण त्या प्रकरणांत जिमची जी विटंबना होते ती वाचताना हसणारा वाचक कोण आहे, हा प्रश्न उरतोच. जो जिम आधी हकला त्याच्या थट्टेबद्दल खडसावतो आणि गोऱ्या पोराला माफी मागायला लावतो, जो आपल्या बहिऱ्या झालेल्या लेकीला नकळत मारल्याचे आठवून रडतो, तोच जिम इथे खेळणे होतो. शिवाय काळ्यांना दिली जाणारी अपमानास्पद शिवी पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येते. 1957 मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने ते शाळांच्या मान्य यादीतून काढले. 1982 मध्ये व्हर्जिनियात, खुद्द मार्क ट्वेनचे नाव असलेल्या शाळेतील एका काळ्या अधिकाऱ्याने ते वर्गात नको म्हणून आवाज उठवला. 2011 मध्ये तर शिवी बदलून गुलाम हा शब्द घातलेली आवृत्ती निघाली. शब्द पुसल्याने इतिहास पुसला जातो, हे खरे. पण भरल्या वर्गात तो शब्द उच्चारला जाताना कोणाची मान खाली जाते, हे जातिवाचक म्हणी ऐकत शाळा शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको. पुस्तक शिकवायचे तर शिकवणाऱ्याची तेवढी तयारी हवी.

लिहिण्यापलीकडे ट्वेनने काय केले? कादंबरी निघाली त्याच वर्षी येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या वॉर्नर मॅग्विन या काळ्या विद्यार्थ्याचा राहण्या-जेवणाचा खर्च त्याने उचलला. विधी विभागाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने कारणही दिले. आपण गोऱ्यांनी या लोकांचे माणूसपण भरडून काढले, लाज आपली आहे आणि भरपाईही आपणच केली पाहिजे, असा त्याचा आशय. म्हणजे त्याच्या लेखी ही मदत उपकार नव्हती, देणे होते. हे पत्र शंभर वर्षांनी, 1985 मध्ये, जगापुढे आले. मॅग्विन पुढे बाल्टिमोरमध्ये नामांकित वकील झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी वकिलीच्या सुरुवातीला त्यांचे मार्गदर्शन घेतले.

याच भारतभेटीत ट्वेन बडोद्यालाही गेला आणि महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या राजवाड्यात त्याने व्याख्यान दिले. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी नोंदवून ठेवाव्यात अशा आहेत. सुमारे दोन महिन्यांच्या दौऱ्यात जातीचा तळ ट्वेनच्या हाती लागणे शक्यच नव्हते. मुंबईत त्याला गोऱ्याचा हात दिसला, कारण तो हात त्याच्या घरात होता.

दौऱ्याने कर्ज फिटले, पण 1896 च्या ऑगस्टमध्ये मोठी मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली. पुढचा ट्वेन अधिक कडवट झाला. फिलिपिन्सवर अमेरिकेने लादलेल्या युद्धाविरुद्ध तो उभा राहिला, काँगोत माणसांचे हात तोडणाऱ्या बेल्जियमच्या राजावर 1905 मध्ये तुटून पडला. 1901 मध्ये त्याच्याच मिसुरी राज्यात पिअर्स सिटी येथे जमावाने तीन काळ्यांना ठार मारले आणि काळ्यांची घरे जाळून कुटुंबांना हाकलून दिले. ट्वेनने जळजळीत लेख लिहिला. जमावातील बहुतेकांना रक्त पाहण्याची हौस नसते, शेजारी काय म्हणेल या भीतीने ते तिथे उभे असतात, असे त्याचे निदान होते. 2006 मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा गावात गप्प बसलेल्यांनाही हे निदान लागू पडते.

पण तो लेख त्याने छापला नाही. दक्षिणेतले मित्र तुटतील, तिकडे पुस्तके खपणार नाहीत, हा हिशेब आड आला. नरकात जायला निघालेल्या हकचा निर्माता शेजाऱ्यांना भ्याला! 21 एप्रिल 1910 रोजी तो वारला आणि लेख छापला गेला 1923 मध्ये.

जिमची गोष्ट जिमच्या तोंडून यायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने 2024 मध्ये ‘जेम्स’ ही कादंबरी लिहिली आणि 2025 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नदी तीच, तराफा तोच, सांगणारा मात्र जिम. हा जिम गोऱ्यांपुढे मुद्दाम अडाण्याची भाषा बोलतो आणि आपल्या माणसांत आला की शुद्ध बोलतो. त्याला लिहायचे असते. एक तरुण गुलाम मालकाच्या घरातून त्याच्यासाठी पेन्सिलीचा तुकडा चोरून आणतो. त्या तुकड्यापायी त्या तरुणाला जीव गमवावा लागतो. जिम तो तुकडा खिशात जपतो आणि आपले नाव जेम्स असे स्वतः ठरवतो.